थोरियम इंधनात सगळा खेळ कणांचा!

थोरियम म्हटलं की केरळच्या मोनाझाइट वाळूची चर्चा होते. मला भुरळ घालते ती त्याची पूड. थोरियम नायट्रेटच्या द्रावणात ऑक्झॅलिक आम्ल घातलं की पांढरा साका बसतो. द्रावण गरम असेल तर कण साधारणपणे मोठे होतात. आणि गंमत म्हणजे, साका भाजून त्याचं ऑक्साइड केलं तरी कणांचा चौकोनी, चपटा आकार तसाच राहतो! इंधनाची गोळी करण्यासाठी पूड दाबताना या चकत्या एकमेकींत नीट बसत नाहीत, म्हणून आधी दळाव्या लागतात. थोरियम ऑक्साइड वितळतं ३,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यामुळे भट्टीत न वितळवता त्याची घट्ट गोळी व्हायला पूड बारीकच हवी. दुसरी वाट सोल-जेलची: द्रावणाच्या थेंबांपासून थेट गोल कण, धुळीचा त्रास जवळपास नाहीच. किरणोत्सारी युरेनियम-२३३ मिसळायचं असेल तर मला हीच वाट उजवी वाटते.