श्रवणतंतूंची विविधता

ध्वनि कानावर पडला म्हणजे ऐकणें पुरें झालें असें पुष्कळांस वाटतें. परंतु खरें कार्य तेथूनच पुढें सुरू होतें. मनुष्याच्या अंतःकर्णांत शंखाकृति नलिका असून तींत सुमारें ३,५०० आंतील व १२,००० बाहेरील केशपेशी आहेत. त्यांचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या मज्जापेशी प्रत्येक कानांत अदमासें ३०,००० असतात.

ह्या सर्व एकाच जातीच्या नाहींत. शेंकडा ९० ते ९५ पेशी आंतील केशपेशींशीं जोडलेल्या असतात. उरलेल्या बाहेरील केशपेशींशीं. पहिल्या वर्गांतही पोटभेद आहेत. इ. स. २०१८ मध्यें उंदरांवरील संशोधनानें असे तीन प्रकार दाखविले. कांहीं पेशी कुजबुजीनेंही जाग्या होतात. कांहीं मात्र आवाज मोठा झाल्यावांचून उत्तर देत नाहींत. गोंगाटांत एकाचें बोलणें निवडून घेण्यास ह्या दुसऱ्या पेशी उपयोगी पडतात, असें शास्त्रज्ञ मानतात.

इ. स. २००९ मध्यें उंदरांस १०० डेसिबेल आवाजांत दोन तास ठेवण्यांत आलें. त्यांची श्रवणशक्ति पुढें पूर्ववत् दिसली. पण केशपेशी व मज्जापेशी यांमधील पुष्कळ जोड कायमचे तुटले होते.

म्हणून "ऐकूं येतें, पण शब्द उमगत नाहींत," असें मूल सांगेल, तर आईबापांनीं त्यास आळशी न म्हणतां प्रथम त्याचे कान तपासवावे. विद्यार्थ्यांनींही ढोलताशे व कर्णे यांपासून दूर राहावें. निर्मात्यानें दिलेल्या ह्या पेशी एकदां नष्ट झाल्या, म्हणजे पुनः उत्पन्न होत नाहींत, हें आम्ही सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.