नदीकाठच्या जमिनीखालील तेल

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, सिनसिनाटी शहराच्या पश्चिमेस सुमारे वीस मैलांवर, ग्रेट मायामी नावाची नदी ओहायो नदीला मिळण्यापूर्वी वाळू, गोटे आणि गाळ यांनी भरलेल्या रुंद, सुपीक खोऱ्यातून वाहते. आणि या नदीच्या काठी, हूवेन नावाच्या लहानशा खेड्याला लागून, १९३१ पासून १९८६ पर्यंत गल्फ कंपनीचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना चालू होता. १९८५ च्या जानेवारीत नदीच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. त्याचा माग काढता काढता असे निष्पन्न झाले की, अर्धशतकाच्या काळात झिरपलेले पेट्रोल आणि डिझेल केवळ कारखान्याच्या आवाराखालीच नव्हे, तर खेड्याच्या काही भागाखालीही सरकले असून तेथे भूजलाच्या माथ्यावर ठाण मांडून बसले आहे.

ज्या वाळूखड्यांच्या थरात हे तेल साचले, तो थर म्हणजे हिमयुगातील नद्यांनी भरून काढलेली जुनी दरी होय. तिच्यातील पाण्यावर आसपासची शहरे, गावे आणि शेते इतकी अवलंबून आहेत की, १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने त्या संपूर्ण भूजलसाठ्याला त्या प्रदेशाचा प्रमुख आधार म्हणून कायदेशीर मान्यता दिली. यावरून तेथील सफाईचा प्रश्न एका कारखान्याच्या कुंपणापुरता का राहिला नाही, हे ध्यानात येईल.

पेट्रोल पाण्याहून हलके असते. त्याचे विशिष्ट गुरुत्व पाऊण एकांशाच्या आसपास भरते, म्हणून जमिनीत मुरत गेलेले पेट्रोल भूजलाच्या पातळीशी पोहोचले की तेथेच पसरते, आणि नदीच्या काठी तर ही पातळी स्थिर नसल्यामुळे गोष्ट अधिकच बिकट होते. नदीला पूर आला की काठाखालचे पाणी वर चढते, उन्हाळ्यात ते खाली उतरते, आणि या चढउताराबरोबर तेलही वरखाली होत वाळूचा एक जाड पट्टा वर्षानुवर्षे माखून टाकते. माखलेल्या या पट्ट्यातील तेल उपशाने पूर्णपणे निघत नाही; घट्ट पिळून वाळत घातलेल्या धोतरात ओल राहते तसे ते कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांत, केशाकर्षणाच्या बळाने, अडकून राहते. त्यातील बेंझीन, टोल्यूइन इत्यादी द्रव्ये मग थोडी थोडी विरघळत वाहत्या भूजलात उतरत राहतात. एक लिटर पेट्रोलमध्ये आकारमानाने एक टक्का बेंझीन असेल तर त्याचे वजन सुमारे पावणेनऊ ग्रॅम भरते. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची अमेरिकेतील मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने ते एक लिटर पेट्रोल साडेसतरा लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत आणून ठेवण्यास पुरेसे ठरते.

हे सारे नजरेआड घडत असल्यामुळे त्याचा तपास निरीक्षणविहिरींतून करावा लागतो. चार बोटे रुंदीच्या नळीत मोजपट्टीला बांधलेले एक उपकरण सोडतात. तेलाचा पृष्ठभाग लागताच ते एका सुरात वाजते आणि पाणी लागताच त्याचा सूर पालटतो, आणि या दोन खुणांमधील अंतर मिलिमीटरपर्यंत वहीत टिपले जाते. पारदर्शक नळकांडे खाली सोडून वर काढले तर त्यात खाली स्वच्छ दिसणारे पाणी आणि वर मधाच्या रंगाचे, नाकाला झोंबणारे पेट्रोल असे दोन थर डोळ्यांनी पाहता येतात. मात्र विहिरीत दिसणारी जाडी म्हणजे भोवतालच्या वाळूतील तेलाची जाडी नव्हे. विहिरीची नळी मोकळी असते, वाळू मोकळी नसते. म्हणून नळीत हातभर तेल साचलेले असले तरी जमिनीत ते त्या मानाने फारच थोडे असू शकते, आणि पाण्याची पातळी वाढली की नळीतले तेल जवळजवळ नाहीसे होते, पण जमिनीतले मात्र जागच्या जागी, पाण्याखाली दडून राहते. एखाद्या ओल्या वर्षी विहिरी कोऱ्या निघाल्या म्हणून काम संपल्याचा दाखला देण्याची घाई करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

हूवेनच्या अभियंत्यांनी हीच गोष्ट आपल्या उपयोगी लावली, आणि मला त्यांच्या कामातील हा भाग सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. वर्षभर सारखा उपसा करण्याऐवजी त्यांनी कोरड्या ऋतूची वाट पाहिली. भूजल आपोआप खोल गेलेले असताना मोठ्या पंपांनी ते आणखी खाली ओढले, म्हणजे एरवी पाण्याखाली कोंडलेला माखलेला पट्टा उघडा पडून त्यातील तेल विहिरींकडे वाहू लागे. अशा निरनिराळ्या खटपटींनी तेथून एकंदर तीस लाख गॅलनांहून अधिक इंधन बाहेर काढण्यात आले. खेड्याखाली आडव्या नळ्या घालून मातीतील बाष्प शोषून घेण्याची तजवीज करण्यात आली, कारण बेंझीनची वाफ मातीतून वर चढून घरांच्या तळघरांत शिरण्याचे भय होते. नदीच्या काठावर पोलादी पत्र्यांची भिंत ठोकण्यात आली. ती मुद्दामच खडकापर्यंत नेलेली नाही. वर तरंगणारे तेल अडावे आणि खालचे पाणी मात्र आपल्या वाटेने नदीकडे जात राहावे, असा तिचा हेतू आहे.

उपसलेल्या पाण्याची व्यवस्था त्या मानाने सरळ असते: तेल वेगळे करावयाचे, पाण्यातून हवा खेळवून उडनशील द्रव्ये काढावयाची, उरलेले सक्रिय कोळशातून गाळावयाचे. तथापि अडकून राहिलेल्या तेलाचे काय, हा प्रश्न यानेही सुटत नाही, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळच्या अरण्यात जावे लागते. तेथे २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची एक मोठी वाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल बाहेर पडले. उपसून, जाळून आणि माती उचलून त्यातील बहुतेक काढण्यात आले, पण अदमासे चार लाख लिटर जमिनीतच राहिले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने ती जागा अभ्यासासाठी हाती घेतली आणि तेव्हापासून तेथील पाण्याची मोजदाद दशकानुदशके चालू राहिली.

या मोजदादीतून दिसले की, जमिनीतील सूक्ष्म जंतू हे तेल खातात. प्राणवायू असेपर्यंत ते त्याच्या साह्याने खातात. तो संपला की नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट यांवर काम भागवतात, आणि अखेरीस मिथेन निर्माण करणाऱ्या जंतूंचा अंमल सुरू होतो. लोहाच्या साह्याने बेंझीनवर्गीय द्रव्यांचे विघटन होते हे डेरेक लव्हली, मेरी जो बेडेकर, इझाबेल कोझारेली प्रभृती संशोधकांनी १९८९ मध्ये याच जागेच्या आधारे मांडले. प्रदूषित पाण्याचा पट्टा सतत लांबत न जाता पुष्कळसा आवरला गेला, तो या अदृश्य श्रमामुळे. उलट १९९९ ते २००४ या काळात पुन्हा पंप लावून एक लाख लिटरहून अधिक तेल उपसण्यात आले, तरी पाण्यातील दोषावर त्याचा परिणाम फारसा जाणवला नाही.

याचा अर्थ निसर्गावर भार टाकून स्वस्थ बसावे, असा काढणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. ज्या लोहाच्या संयुगांचा जंतू वापर करतात त्यांना चिकटून असलेले आर्सेनिक त्या क्रियेत सुटे होते. बेमिजीच्या दूषित पट्ट्यात ते लिटरमागे दोनशे मायक्रोग्रॅमांहून अधिक आढळले, आणि पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा आहे १०. केवळ बेंझीनची तपासणी करणाऱ्याच्या दप्तरात या विषाची नोंदही झाली नसती.

शेतजमीन शेजारी असली की आणखी एक गोष्ट हिशेबात घ्यावी लागते. ओलितासाठी जोराचा उपसा करणारी विहीर भूजलाची दिशाच वळवते. नदीकडे संथ चाललेला दूषित प्रवाह उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत पिकाकडे ओढला जाऊ शकतो. म्हणून सफाईचा आराखडा करताना कारखान्याच्या विहिरींबरोबर शेतकऱ्यांच्या विहिरी, त्यांच्या पंपांची ताकद आणि पाणी देण्याच्या पाळ्या यांचीही नोंद असली पाहिजे.

हा सारा विचार वाळूच्या थरांत जन्मलेला आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात भूजल वाळूतून नव्हे, तर खडकाच्या भेगांतून आणि कुजलेल्या मुरुमाच्या थरातून वाहते. तेथे दोन विहिरींत शंभर हातांचेच अंतर असूनही एकीत पेट्रोलचा वास यावा आणि दुसरीचे पाणी निर्दोष असावे, हे सहज संभवते. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात घरांच्या कूपनलिकांतून इंधन येऊ लागले, तेव्हा गळतीची पहिली खबर रहिवाशांच्या पाण्यानेच दिली. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षणविहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळी मोजते. तेलाचे डेपो, भूमिगत वाहिन्या आणि पेट्रोलपंप जेथे नदीकाठच्या शिवाराला भिडलेले आहेत, तेथील काही विहिरींच्या पाण्यात बेंझीन, विरघळलेले लोह आणि आर्सेनिक यांची तपासणी गळती होण्यापूर्वीच करून ती नोंद तलाठी दप्तरात खातेदारांना पाहता येईल अशी ठेवावी. उद्या नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला तर आपल्या विहिरीचे पाणी आधी कसे होते, हे शेतकऱ्याला त्याच कागदावरून सिद्ध करता येईल.