तीस किलोचे वजन कोठून येते?



यंदाच्या आरोग्य तपासणीच्या दिवशी मी वजनकाट्यापाशी उभा होतो. सहावीतील एका विद्यार्थ्याचे वजन बरोबर ३० किलो भरले. त्याने खाली उतरताना विचारले, "सर, हे तीस किलो नक्की कशाचे?" मी म्हणालो, "हाडामांसाचे, रक्ताचे, पाण्याचे." "आणि ते कशाचे?" "रेणूंचे. रेणू अणूंचे." "आणि अणू?" तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मी सुटलो! पण प्रश्न सुटला नव्हता. त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहिलेले उत्तर आज लिहीत आहे.

प्रथम एक कबुली. वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे माझे पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण मध्य प्रदेशात हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'परमाणु' म्हणजे आपला अणू आणि 'अणु' म्हणजे आपला रेणू! सीमाभागात शिक्षक म्हणून आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'पाण्याचा अणु' असे लिहिले. आठवीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, पाण्याचा अणू नसतो, रेणू असतो." वर्ग हसला, मीही हसलो. त्या दिवशी एक गोष्ट कायमची समजली. शब्द बदलला तरी पाणी बदलत नाही. मात्र ज्याला पाणी समजले आहे, त्यालाच दुसरा शब्द चटकन उचलता येतो.

अणूच्या आत

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि भोवती इलेक्ट्रॉन असतात, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. आपल्या ३० किलोच्या विद्यार्थ्याच्या शरीरातील सर्व इलेक्ट्रॉन एकत्र केले तर त्यांचे वजन १० ग्रॅमसुद्धा भरणार नाही. बाकी सारा भार प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा.

आता येथे एक अडचण आहे. प्रोटॉन धनभारित आहेत. सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात. केंद्रकात दीड फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा एक हजार लाख कोटीवा भाग) अंतरावरील दोन प्रोटॉन एकमेकांना सुमारे १०० न्यूटन बलाने ढकलतात. म्हणजे दहा किलो धान्याची पिशवी उचलायला लागते तेवढे बल, आणि ते एवढ्याशा कणावर! तरीही केंद्रक फुटत नाही. याचा अर्थ विद्युत बलाहून मोठे असे दुसरे बल त्यांना धरून ठेवत असले पाहिजे. त्यालाच प्रबळ बल म्हणतात. प्रबळ बल ज्यांच्यावर चालते अशा प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन इत्यादी संयुक्त कणांना हेड्रॉन हे नाव आहे.

१९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग या दोघांनी स्वतंत्रपणे असे सुचविले की हेड्रॉन हे आणखी लहान कणांचे बनलेले आहेत. त्या कणांना क्वार्क हे नाव मिळाले. प्रोटॉनमध्ये दोन 'अप' आणि एक 'डाउन' असे तीन क्वार्क असतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवून पाहिले, तेव्हा प्रोटॉनच्या आत खरोखरच टणक दाणे असल्यासारखे ते उसळले. या कार्याला १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्वार्कांना एकत्र बांधणाऱ्या कणाला ग्लुऑन म्हणतात. त्याचा पुरावा १९७९ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे मिळाला.

न तुटणारी दोरी

गुरुत्वाकर्षण आणि विद्युत बल अंतर वाढले की कमी होतात. क्वार्कांमधील बल मात्र उलटे वागते. क्वार्क अगदी जवळ असले की जणू मोकळे असतात. दूर ओढू लागलो की ते सोडत नाही. हे गणिताने १९७३ साली डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी दाखविले आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

दोन क्वार्क दूर ओढताना त्यांच्यामधला ताण सुमारे सोळा टनांच्या वजनाइतका असतो. आपल्या पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणारा माल भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. मग दोरी तुटते का? तुटते, पण क्वार्क मोकळा होत नाही. प्रयोगशाळेतील पट्टीचुंबकाचे दोन तुकडे केले तर एकटा उत्तर ध्रुव हाती येतो का? नाही, दोन लहान चुंबक मिळतात. तसेच येथे ओढण्यात घातलेल्या ऊर्जेतून नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क जन्मतो आणि एका हेड्रॉनचे दोन होतात. म्हणूनच एकटा क्वार्क आजवर कोणालाही वेगळा काढता आलेला नाही.

तीस किलोतील तीनशे ग्रॅम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमाने मिळवली तर बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का होते. म्हणजे ३० किलोपैकी क्वार्कांचे स्वतःचे वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. मग उरलेले साडेएकोणतीस किलोंहून अधिक कशाचे?

उत्तर असे की ते ऊर्जेचे आहे. प्रोटॉनच्या आत क्वार्क प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावत असतात आणि ग्लुऑन त्यांना सतत बांधत असतात. आइन्स्टाइन यांच्या सूत्राप्रमाणे बंदिस्त ऊर्जा म्हणजेच वस्तुमान. बाळा, काट्यावर उतरलेले तुझे वजन हे मुख्यतः लहान लहान घरांत कोंडलेल्या धावपळीचे वजन आहे. शाळेची इमारत असो वा तुझे दप्तर, सर्वांची गोष्ट हीच.

अजून न सुटलेले

हे सर्व समजले म्हणजे विषय संपला असे नाही. प्रोटॉनला भोवऱ्यासारखी एक फिरकी असते. तिन्ही क्वार्कांच्या फिरक्या मिळून ती होत असेल असे वाटत होते. १९८७ मध्ये सर्न येथील प्रयोगाने हा समज मोडला. आज असे दिसते की क्वार्कांच्या फिरकीचा वाटा सुमारे तिसरा हिस्साच आहे. बाकीची ग्लुऑनांकडून किती आणि आतील भ्रमणातून किती येते, याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. बर्फ तापवला की पाणी, पाणी तापवले की वाफ. तसे प्रोटॉन-न्यूट्रॉन सुमारे दोन लाख कोटी अंशांपर्यंत तापवले तर ते वितळतात आणि क्वार्क-ग्लुऑनांचे रसायन तयार होते. सूर्याच्या गाभ्यापेक्षा हे तापमान लाखपटीहून जास्त आहे. विश्वाच्या जन्मानंतर पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सर्वत्र हीच अवस्था होती. अमेरिकेतील ब्रूकहेवन येथे २००० सालापासून सोन्याची केंद्रके एकमेकांवर आदळवून ती पुन्हा घडविण्यात आली. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की हा पदार्थ वायूसारखा नसून जवळजवळ घर्षणरहित द्रवासारखा वाहतो. अशी अपेक्षा कोणी केली नव्हती.

पाण्याच्या बाबतीत विशिष्ट दाब व तापमानापुढे पाणी आणि वाफ यांच्यातील सीमाच नाहीशी होते. त्या जागेला क्रांतिक बिंदू म्हणतात. क्वार्कांच्या या पदार्थालाही असा बिंदू असावा काय, याचे गणित मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी संगणकाच्या साहाय्याने मांडले. प्रयोगातून तो शोधण्याचे काम जगभर चालू आहे. ही टाटा संस्था १९४५ साली होमी भाभा यांनी प्रथम बंगळूरमध्ये सुरू केली आणि नंतर ती मुंबईस गेली, हेही आपण सीमावासीयांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढचे प्रयोग आणि आपला देश

जिनिव्हाजवळील सर्न संस्थेचा भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. तेथील सीएमएस या प्रचंड यंत्रातील हेड्रॉन मोजणाऱ्या बाहेरच्या भागाच्या उभारणीत टाटा संस्थेचा मोठा वाटा आहे. ॲलिस या प्रयोगात आयआयटी मुंबईसह अनेक भारतीय संस्था काम करतात. जर्मनीत डार्मश्टाट येथे उभ्या राहत असलेल्या 'फेअर' या प्रकल्पात भारत २०१० पासून संस्थापक भागीदार आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात असतो तसा अतिघन पदार्थ तेथे अभ्यासला जाईल. ब्रूकहेवनच्या जुन्या बोगद्यातच इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची टक्कर घडविणारे नवे यंत्र बसविण्याचे २०२० मध्ये ठरले. ते २०३० च्या दशकात चालू होईल अशी अपेक्षा आहे. प्रोटॉनचे वजन आणि फिरकी यांचा हिशेब पुरा करणे हेच त्याचे मुख्य काम. आज सहावीत असलेली मुले तेव्हा पदवी किंवा पदव्युत्तर वर्गात असतील. हे गणित पालकांनी जरूर करून पाहावे.

याचा सामान्य माणसाला उपयोग काय, असेही विचारले जाते. आपल्या भागातून कर्करोगाचे रुग्ण मुंबईला टाटा रुग्णालयात जातात. त्याच टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ पासून प्रोटॉनच्या झोताने उपचार होऊ लागले आहेत. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा वाटेत न सांडता प्रवासाच्या शेवटी टाकतो. त्यामुळे गाठीच्या आसपासचा निरोगी भाग वाचवता येतो. कणांना वेग देण्याची विद्या मूलभूत संशोधनातूनच रुग्णशय्येपर्यंत आली.

"मराठीत शिकून सायन्स जमतंय व्हय?"

गेल्या जूनमध्ये एक पालक मुलीचा दाखला मागायला आले. मुलगी हुशार. मी कारण विचारले. ते खाली मान घालून म्हणाले, "सर, पोरीला सायन्सला घालायची हाय. मराठीत शिकून सायन्स जमतंय व्हय?" त्यांच्यावर मला राग आला नाही. त्यांना मुलीची काळजी होती. आपल्या वर्गांतील बाके दरवर्षी थोडी थोडी रिकामी होतात, त्यामागे बहुधा हीच काळजी असते. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

डॉ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. शाळा हुजूरपागा, नंतर स. प. महाविद्यालय, पुढे आयआयटी मुंबई आणि अमेरिकेत डॉक्टरेट. मुंबई विद्यापीठात शिकवत असताना १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जर्मनीतील मानुएल ड्रेस यांच्याबरोबर एक महत्त्वाचे काम केले. प्रकाशकण म्हणजे केवळ प्रकाश असे आपण समजतो. पण उच्च ऊर्जेला प्रकाशकण क्षणभर क्वार्क-प्रतिक्वार्कांत पालटतो आणि हेड्रॉनसारखा वागतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळविणाऱ्या भावी यंत्रांत नको असलेल्या हेड्रॉनांची गर्दी होऊ शकेल, हे या दोघांनी दाखवून दिले. अशा यंत्रांचे आराखडे करताना हा इशारा ध्यानात घ्यावा लागतो. १९९५ पासून २०२४ मध्ये निधन होईपर्यंत त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेशी निगडित होत्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या जीवनकथांचे 'लीलावतीज डॉटर्स' हे २००८ मधील पुस्तक त्यांनी सहसंपादित केले.

पुण्याच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी, कर्मभूमी कर्नाटक, सहकारी जर्मन आणि विषय प्रोटॉनच्या पोटातला! सीमेवरच्या आपल्या शाळेला याहून जवळचा दाखला कोणता?

मात्र मी पालकांची दिशाभूल करणार नाही. महाविद्यालयात गेल्यावर इंग्रजी लागेलच, आणि कर्नाटकात राहायचे तर कन्नडही उत्तम आलेच पाहिजे. मी स्वतः 'नाभिक'चे 'केंद्रक' आणि 'द्रव्यमान'चे 'वस्तुमान' करायला काही महिने घेतले. पण संकल्पना पक्की होती म्हणून ते काही महिन्यांत जमले. नुसते इंग्रजी शब्द पाठ आणि आत काही नाही, अशी अवस्था असती तर आयुष्य पुरले नसते.

माध्यम बदलले की विज्ञान आपोआप येत नाही, तसेच नुसता मातृभाषेचा अभिमान बाळगूनही येत नाही. ते हाताने करून येते. म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की प्रयोगशाळेतील कपाटांची कुलपे आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावरही उघडी राहावीत. त्यासाठी एका साहाय्यकाची तरतूद व्हावी. मी स्वतः त्या दोन दिवशी थांबेन. विद्यार्थ्यांसाठी कार्यालयाबाहेर एक प्रश्नपेटी ठेवत आहे. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, कोणत्याही भाषेत प्रश्न टाका. २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपण त्यांची उत्तरे शोधू. जे मला येणार नाही ते येत नाही म्हणून सांगेन.

त्या पालकांनाही या अंकाची प्रत पाठवत आहे. मुलीला कोठे शिकवायचे हे त्यांनीच ठरवावे. पण तिने पेटीत एक प्रश्न जरूर टाकावा, शाळा कोणतीही असो.