भांडुपचं दुकान, मोबाइलवरचं गिऱ्हाईक

भांडुपमध्ये शिलाई, मसाला कांडप, क्लास, पार्लर, डबे असा छोटा धंदा करणाऱ्या कोणापुढेही ऑनलाइन जाहिरातीचा विषय काढा, दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं : ‘ते मोठ्या ब्रँडचं काम, आपलं गिऱ्हाईक गल्लीतलंच.’ दुसरं : ‘एकाला हजारो रुपये देऊन वेबसाइट करून घेतली, फोन एकही आला नाही.’ ऑनलाइन म्हणजे लांबचं, जगभरचं काहीतरी, ही समजूत या दोन्ही उत्तरांच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात आता गल्लीतलं गिऱ्हाईकच मोबाइलवर दुकान शोधतं.

याला कारण आहे. एलबीएस मार्गावरच्या सिएट, गेस्ट कीन विल्यम्स, एशियन पेंट्स यांसारख्या कारखान्यांच्या पाळ्या सुटायच्या, तेव्हा कामगार दुकानांसमोरूनच घरी जायचे. टेंभीपाडा, कोकण नगरच्या चाळींत कोणता शिंपी चांगला आणि मसाला कुठे कुटून मिळतो, हे शेजारीण सांगायची. आज त्याच रस्त्यावर टॉवर उभे आहेत. तिथे नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला शेजारचा दरवाजा उघडा दिसत नाही आणि गाढव नाक्याच्या पुढे कोणती गल्ली कुठे जाते तेही ठाऊक नसतं. ब्लाउजचं माप द्यायचं असेल तर ते कुटुंब मोबाइलला विचारतं. आपण वीस वर्षं तिथे असूनही मोबाइलने आपलं नाव सांगितलं नाही, तर त्यांच्या लेखी आपलं दुकान नाहीच. मला या विषयाची निकड वाटते ती याचसाठी.

मग खर्चापासून सुरुवात करू. वेबसाइट नसली तरी चालतं. गुगलवर आणि गुगल मॅप्सवर दुकान दिसण्यासाठी लागतं ते ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’, आणि ते पूर्णपणे मोफत आहे. २०२१च्या अखेरीपर्यंत त्याला ‘गुगल माय बिझनेस’ म्हणत, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमध्ये ते नाव ऐकू येईल. नाव, पत्ता, फोन, वेळा, फोटो भरायचे आणि धंदा खरा असल्याची पडताळणी करून द्यायची. पडताळणीची पद्धत गुगल ठरवतं. बऱ्याचदा व्हिडिओ मागितला जातो. रस्त्याची खूण, दुकानाची पाटी, आतलं यंत्र किंवा माल आणि दुकान आपल्या ताब्यात असल्याचं काहीतरी, म्हणजे शटर उघडताना किंवा गल्ला उघडताना, असं सगळं एका सलग चित्रणात दाखवायचं असतं. त्याचेही पैसे लागत नाहीत. ‘गुगलकडून बोलतोय, इतके भरा नाहीतर तुमचं दुकान नकाशावरून काढू’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजून ठेवून द्यावा.

‘आमचं दुकानच नाही, घरातून काम चालतं’ म्हणून अनेक बायका या भानगडीत पडत नाहीत. त्यांनाही प्रोफाइल काढता येतं. घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवायची सोय आहे. असे वीसपर्यंत भाग निवडता येतात, पिनकोडनेही : पश्चिमेचा ४०००७८, पूर्वेचा ४०००४२, मुलुंड पश्चिमेचा ४०००८०. अट एकच, गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे. ते आपल्याकडे यावं किंवा आपण त्याच्याकडे जावं. सगळा माल नुसत्या कुरिअरने जात असेल, तर हे प्रोफाइल त्या धंद्यासाठी नाही.

आता सर्वांत हट्टी गैरसमज : ‘गुगलला पैसे दिले की दुकान वर येतं.’ जाहिरात विकत घेता येते, पण ती ‘प्रायोजित’ अशा खुणेसह वेगळी दिसते. खालच्या साध्या यादीतला क्रमांक विकत मिळत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवलं आहे. तो तीन गोष्टींवर ठरतो : जे शोधलं त्याच्याशी आपला धंदा किती जुळतो, शोधणारा आपल्यापासून किती अंतरावर आहे आणि आपला नावलौकिक किती आहे. ‘पहिल्या नंबरची गॅरंटी’ देऊन महिन्याला पैसे मागणारा माणूस जे विकतोय ते त्याच्या हातात नाही.

या तिन्हींपैकी अंतर बदलता येत नाही, पण ते समजून घेतलं तर मनस्ताप वाचतो. दातार कॉलनीत उभं राहून ‘लेडीज टेलर’ शोधलं आणि तेच स्टेशनच्या पश्चिमेला उभं राहून शोधलं, तर दोन वेगळ्या याद्या येऊ शकतात. आपल्याच दुकानात बसून, आपल्याच मोबाइलवर नाव पहिलं आलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. शिवाय नकाशावर जवळ दिसणारं दुकान रुळांच्या पलीकडे असलं तर पूल चढून जावं लागतं. म्हणून प्रोफाइलमध्ये पूर्व की पश्चिम, स्टेशनपासून कोणत्या बाजूने यायचं, रिक्षाने कुठे उतरायचं हे स्पष्ट लिहावं. डोंगराच्या बाजूच्या चाळींत तर नकाशावरची खूण अनेकदा भलत्याच गल्लीत पडते. ती हाताने सरकवून नेमक्या दारावर आणता येते. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते राहिलं तर आलेलं गिऱ्हाईक खालच्या वळणावरूनच परत जातं.

जुळणी मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी नावातच सगळं कोंबण्याची टूम निघाली आहे : पाटीवर साधं नाव आणि प्रोफाइलवर त्याच नावापुढे ‘बेस्ट, स्वस्त, भांडुप वेस्ट, नियर स्टेशन’ अशी शेपटी. हे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकतं. पाटीवर जे नाव, तेच प्रोफाइलवर. पाटीवर मराठी नाव असणं महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही बंधनकारक आहेच. तिचाच स्वच्छ, दिवसाउजेडी काढलेला फोटो टाकावा. बाकीचे शब्द वर्णनात आणि सेवांच्या यादीत घालावेत. वर्णनाला साडेसातशे अक्षरांची जागा मिळते. ‘मिरची-मसाला कांडप, मालवणी मसाला कुटून मिळेल, हळद दळून मिळेल’ असं लोक बोलतात तसं लिहावं. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ असं कोणी शोधत नाही.

वेळांकडे तर फारच थोडे लक्ष देतात. भांडुपमध्ये कोकणातली वस्ती मोठी. गणपतीत दुकान बंद करून गावी जाणारे कितीतरी. प्रोफाइलवर मात्र ‘सुरू आहे’ असं झळकत राहतं, माणूस येतो, शटरला हात लावून परत जातो आणि एक तारा देऊन मोकळा होतो. सणासुदीच्या विशेष वेळा आधीच भरून ठेवायची सोय प्रोफाइलमध्ये आहे. गाडीचं आरक्षण करतानाच तेही करून टाकावं.

नावलौकिकाचा मोठा भाग म्हणजे गिऱ्हाइकांचे अभिप्राय. इथे गैरसमजांची रांगच आहे. ‘भाचे, पुतणे, मित्र यांच्याकडून पन्नास पंचतारांकित अभिप्राय लिहून घेतले की झालं.’ ‘अभिप्राय लिहा आणि दहा टक्के सूट घ्या.’ ‘वाईट अभिप्राय पैसे देऊन काढता येतो.’ यातली पहिली दोन्ही कामं गुगलच्या धोरणात बसत नाहीत. खोटे अभिप्राय काढले जातात. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं आणि त्यात विकत घेतलेल्या अभिप्रायांना जागा नाही. वाईट अभिप्राय दुकानदाराला स्वतः पुसता येत नाही. तो नियमाबाहेरचा असेल, म्हणजे शिवीगाळ किंवा दुसऱ्याच धंद्याबद्दलचा मजकूर असेल, तर तक्रार करता येते. खऱ्या गिऱ्हाइकाला ‘जमलं तर दोन ओळी लिहा’ म्हणून सांगणं मात्र पूर्णपणे रास्त आहे, आणि त्यासाठी थेट दुवा किंवा क्यूआर कोड प्रोफाइलमधूनच मिळतो.

खरं कसब उत्तर देण्यात आहे. समजा, कोणी लिहिलं : ‘ब्लाउज वेळेवर दिला नाही, फिटिंगही सैल.’ यावर ‘तुम्हीच माप उशिरा दिलं’ असं भांडण मांडलं, तर ते पुढची कित्येक वर्षं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दिसत राहणार. त्याऐवजी : ‘ताई, लग्नसराईत दोन दिवस उशीर झाला, चूक आमची. ब्लाउज घेऊन या, फिटिंग लगेच करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.’ या तीन ओळी रागावलेल्या बाईंपेक्षा पुढे वाचणाऱ्यांसाठी जास्त कामाच्या आहेत. शंभर पंचतारांकित अभिप्रायांपेक्षा असं एक उत्तर मला अधिक भरवशाचं वाटतं.

व्हॉट्सअॅपबद्दलची समजूत अशी की जितक्या ग्रुपमध्ये टाकू तितकी विक्री. सोसायटीच्या, शाळेच्या, मंडळाच्या ग्रुपमध्ये न विचारता जाहिरात टाकली की लोक आधी वैतागतात आणि मग नंबर ब्लॉक करतात. फार जणांनी तक्रार केली तर खातंच बंद होऊ शकतं. ब्रॉडकास्ट यादीचा एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो : एका यादीत २५६ जण घालता येतात, पण संदेश पोचतो तो ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच. म्हणजे नंबर गोळा करून भागत नाही, गिऱ्हाइकाला आपला नंबर साठवायला सांगावं लागतं. बिल देताना किंवा डबा हातात देताना तेवढं एक वाक्य बोलावं.

धंद्यासाठी वेगळं ‘व्हॉट्सअॅप बिझनेस’ अॅप २०१८पासून मोफत आहे. त्यात कॅटलॉग करता येतो. बहुतेक जण तिथे नुसते फोटो चढवतात आणि ‘किंमत इनबॉक्समध्ये’ म्हणून सोडून देतात. संकोची गिऱ्हाईक विचारतच नाही. ‘उकडीचे मोदक, ११ नग, तूप वेगळं, आदल्या दिवशी दुपारपर्यंत ऑर्डर, कोकण नगर ते स्टेशन घरपोच’ आणि समोर किंमत, इतकं लिहिलं की निम्मे प्रश्न संपतात. उरलेल्या प्रश्नांसाठी ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात. आणि मुख्य म्हणजे उत्तर लवकर द्यावं. विचारणाऱ्याने तीन ठिकाणी विचारलेलं असतं. पहिलं उत्तर देणाऱ्याकडे काम जाण्याची शक्यता जास्त.

‘रील व्हायरल झाली पाहिजे’ यावर फार बोलायला नको. कांडप यंत्राची रील लाखो लोकांनी पाहिली आणि ते लाखो लोक पाटण्यात, पुण्यात असले, तर भांडुपच्या गिरणीला त्याचा काय उपयोग? विकत घेतलेले फॉलोअर तर मिरचीही आणत नाहीत. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे घालायचेच असतील, तर आपल्या ठिकाणाभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ आखून तेवढ्यांनाच जाहिरात दाखवता येते. रक्कम आणि दिवस आपण ठरवायचे. वर १८ टक्के जीएसटी धरावा. मुहूर्त महत्त्वाचा. मसाल्याचा हंगाम मार्च ते मे, म्हणून जाहिरात फेब्रुवारीच्या अखेरीस. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मिरची कुटायची जाहिरात करून उपयोग नाही.

करांविषयीचा गोंधळ दोन्ही बाजूंनी आहे. काहींना वाटतं, ऑनलाइन जाहिरात केली की जीएसटी नोंदणी आलीच. तसं नाही. जाहिरात कुठेही करा, महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी वार्षिक ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपयांची मर्यादा तीच राहते. मोठ्या विक्री-मंचांवरून वस्तू विकायला पूर्वी नोंदणी सक्तीची होती, पण १ ऑक्टोबर २०२३पासून राज्याच्या आतच विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना मर्यादेपर्यंत नावनोंदणी क्रमांकावर काम करता येतं. काहींना उलट वाटतं, ‘आपण लहान, आपल्याला काहीच लागत नाही.’ पण कर लागणारा माल, उदाहरणार्थ दिवाळीचा चिवडा, विकून गोव्याला किंवा सुरतला पाठवला, तर ती आंतरराज्य विक्री ठरते आणि तिला नोंदणी लागते, उलाढाल कितीही कमी असो. काही हस्तकलेच्या वस्तूंना तेवढी सवलत आहे. खाण्याचे पदार्थ घरातून विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची नोंदणी हवीच. तिचा चौदा अंकी क्रमांक कॅटलॉगमध्ये लिहिला, तर अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वासही लवकर बसतो.

नंबर सगळीकडे दिसू लागला की फसवणारेही येतात. ठरलेला प्रकार असा : ‘लष्करातून बोलतोय, पन्नास डबे हवेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. चुकून गेलेच, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावं. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आणि हे सगळं चालतंय की नाही, ते कसं कळणार? लाइक मोजून कळत नाही. प्रोफाइलच्या कामगिरीच्या पानावर किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला आणि कोणते शब्द टाइप करून ते आपल्यापर्यंत आले, हे दिसतं. ती शब्दांची यादी महिन्यातून एकदा वाचावी. आपण ‘वस्त्र शिलाई केंद्र’ लिहून बसलेलो असतो आणि लोक ‘फॉल बिडिंग’ शोधत आलेले असतात. मग सेवांच्या यादीत त्याच दिवशी ‘साडी फॉल-बिडिंग’ घालायचं, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला विचारायचं, ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ उत्तर वहीत लिहून ठेवायचं.