पाच सूत

सप्टेंबरच्या शेवटी मिस्त्री घर बघायला आले. चपला दाराबाहेर काढून हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि चहा येईपर्यंत काही बोललेच नाहीत. मग खिडकीखाली जिथे पोपडे आले होते तिथे बसले आणि उलटा हात भिंतीला लावला, ताप बघायला लावतात तसा.

“काकू, दिवाळीआधी होणार नाही. भिंत अजून पाणी धरून आहे.”

मला दिवाळीआधीच हवं होतं. सगळ्यांनाच हवं असतं. पुण्यात त्या दिवसांत रंगाऱ्याची तारीख मिळणं अवघड, आणि हा माणूस आलेलं काम परत पाठवत होता. त्यांनी फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा मागितला, खिडकीखाली चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवला आणि गेले. दोन दिवसांनी त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. खोलीतली दमट हवा असती तर ते बाहेरच्या बाजूने आले असते. ते आतून आले होते, म्हणजे भिंतीतून.

आमची इमारत 1988 सालची, दुसरा मजला. हॉलची पश्चिमेची भिंत पावसाळाभर झोडपून निघते. बाहेर खिडकीच्या चौकटीखाली गिलाव्याला तडा गेला होता, तिथून पाणी विटांत शिरायचं. पाणी विटांतले आणि गिलाव्यातले क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणतं, तिथे उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. तोच तो लोणा. त्याचे पांढरे स्फटिक वाढत जातात आणि रंगाला आतून ढकलून उचलतात. अकरा वर्षांपूर्वी ज्याने आमचं काम केलं होतं, त्याने त्या लोण्यावरच लांबी ओढून वर रंग दिला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे आले. रंग वाईट होता असं मी इतकी वर्षं समजत होते. रंगाचा काही दोष नव्हता.

दिवाळीचे दिवे पोपड्यांसमोरच लागले. डिसेंबरात सोसायटीने बाहेरचा तडा बुजवला. फेब्रुवारीत पुन्हा प्लास्टिक लावलं तेव्हा ते कोरडं राहिलं आणि मिस्त्री एका मदतनीसाला घेऊन आले.

पहिले दोन दिवस नुसतं खरवडणं. फर्निचर मधोमध गोळा करून झाकलं, फरशीवर जुन्या चादरी अंथरल्या. दाराच्या चौकटी त्यांनी पाणी लावून ओल्याच घासल्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायची शक्यता असते. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून, आणि आमच्या चौकटी त्याच्या कितीतरी आधीच्या. कोरडं घासलं की ती धूळ घरभर जाते. आमच्याकडे दोन वर्षांची नात येऊन-जाऊन असते, म्हणून हे लिहून ठेवते आहे: चौकटी कोरड्या घासू देऊ नयेत, आणि घासणाऱ्याला मास्कशिवाय उभं करू नये.

खरवडायच्या पत्र्याखालून भिंत थराथराने निघत होती. वर आमचा क्रीम रंग, त्याखाली पिस्ता, त्याखाली फिकट निळं डिस्टेंपर, आणि सर्वांत आत पांढरा. सासूबाई खुर्ची ओढून दारात बसल्या होत्या. पिस्ता रंग दिसताच म्हणाल्या, “हा माझ्या लेकीच्या लग्नाचा.” तळहाताएवढा तो तुकडा खाली पडेपर्यंत त्या बघत राहिल्या. मदतनीसाने तो उचलून त्यांच्या हातात दिला.

मग लांबी. पहिला हात उभा, वाळल्यावर दुसरा आडवा, आणि तो वाळायला अख्खी रात्र. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते यानंतरच्या घासण्यात. मिस्त्रींनी पिशवीतून लांब वायरचा होल्डर काढला, त्याला जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावला, खोलीतले बाकीचे दिवे मालवले आणि बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून धरला. मला गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर टेकड्या आणि खड्डे उमटले. समोरून पडणारा उजेड भिंतीचे दोष झाकतो, आडवा पडणारा प्रत्येक उंचवट्याची सावली लांबवतो. संध्याकाळचं ऊन आमच्या बाल्कनीतून तसंच आडवं येतं. मिस्त्रींनी बल्ब सरकवत सरकवत पेन्सिलीने गोल केले, सत्तरेक तरी असतील. पॉलिश पेपर घेऊन मदतनीस एकेक गोल मिटवत गेला. धूळ इतकी की त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. प्रायमरचा हात दिल्यावर पुन्हा बल्ब, पुन्हा गोल. “प्रायमर लागल्याशिवाय भिंत खरं सांगत नाही,” मिस्त्री म्हणाले.

दरम्यान आमच्या घरात रंगावरून चर्चा चालू होती. शेडकार्डावरची नावं आमच्या तोंडी बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली: ताक, भाकरी, साय. कार्डावरच्या चौकोनावर रंग ठरवू नये, हे मी आता कुणालाही आग्रहाने सांगेन. चार भिंतींना लागलेला रंग एकमेकींवर परावर्तित होतो आणि कार्डावरच्यापेक्षा गडद वाटतो. आम्ही छोट्या डब्या आणून दोन-दोन फुटांचे तीन चौकोन भिंतीवर दिले आणि सकाळी, दुपारी, ट्यूबलाइटखाली असे तीन दिवस पाहिले. साय ट्यूबखाली हिरवट झाली. ताक दुपारच्या उन्हात डोळ्यांवर यायला लागलं. भाकरी तिन्ही वेळी भाकरीच राहिली. ज्वारीची, तव्यावरून नुकती उतरलेली.

दुकानात पांढऱ्या बेसच्या डब्यात यंत्राने मोजून स्टेनरचे थेंब सोडले आणि डबा घुसळून दिला. एका भिंतीला वॉलपेपर लावायचा होता; ती आणि दारं-खिडक्या सोडून रंगवायची जागा सुमारे 300 चौरस फूट. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरात दोन हातांनी साधारण 120 ते 140 चौरस फूट होतात, म्हणजे 4 लिटरचा एक डबा पुरून उरतो. सगळा रंग एकाच डब्यातला असणं चांगलं. यंत्राने मोजलं तरी दोन डब्यांत केसभर फरक राहू शकतो, आणि तो भिंतीच्या मधोमध उघडा पडतो.

पहिला हात लागला तेव्हा मी घाबरले. भिंत ताकासारखी दिसत होती. मिस्त्रींनी शांतपणे थांबायला सांगितलं. इमल्शनमधला चिकट घटक ओला असताना दुधी असतो, वाळताना पारदर्शक होतो, आणि मग आतला खरा रंग वर येतो. तासाभरात ताकाची भाकरी झाली.

रोलर फिरत असताना पंखा बंद. भर दुपारी दोघांच्या पाठी भिजल्या होत्या, तरी बंदच. वाऱ्याने रंगाची कड लवकर वाळते आणि पुढचा पट्टा तिच्यावर चढला की सांधा उमटतो. म्हणून एकदा भिंत सुरू केली की कोपरा येईपर्यंत थांबायचं नाही. त्यांचा फोन वाजला, दाराची बेल वाजली, चहा निवला. सांधा यायचाच असेल तर कोपऱ्यात यावा, भिंतीच्या मध्यावर नको.

छताजवळची रेघ त्यांनी दोन इंची ब्रशने हातानेच मारली. मी शिडीखाली उभी राहून बघत होते, तेव्हा लक्षात आलं की ब्रश छताच्या कडेने जातच नव्हता. कुठे दोन सूत खाली उतरत होता, कुठे कडेला भिडत होता. मी विचारलं.

“छत वाकडं आहे, काकू. त्याच्या मागे गेलो तर रेघ वाकडी दिसेल. छताचा पांढरा मी थोडा भिंतीवर आणलाय. आता रेघ सरळ, आणि वाकडेपणा पांढऱ्यात गेला.”

खालून मला सरळ रेघ दिसत होती. अजूनही दिसते.

वॉलपेपर पश्चिमेच्या भिंतीला लावायचा, हे आम्ही वर्षभर धरून चाललो होतो, कारण दारातून येताना समोर तीच दिसते. मिस्त्रींनीच ते बदललं. विनाइलचा कागद भिंतीतली वाफ बाहेर सोडत नाही. आज भिंत कोरडी असली तरी बाहेरचा गिलावा पुन्हा कधी तडकेल सांगता येत नाही, आणि तसं झालं तर कागदामागे बुरशी धरेल, तीही वर्षभर कुणाला न दिसता. म्हणून सोफ्यामागची आतली भिंत निवडली. तिच्यापलीकडे आमची झोपण्याची खोली, पाण्याचा नळ नाही. घरातली एक भिंत वेगळी करायची ही कल्पना आम्हाला दुकानदाराने नव्या जगातली म्हणून सांगितली. मला आठवला तो वारली घरातला लग्नचौक. लग्न ठरलं की घराच्या आतल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आणि लग्नघर त्या एका भिंतीभोवती गोळा होतं. भिंत निवडण्याला आपल्याकडे जुना अर्थ आहे, आणि त्या अर्थाने निवडलेली भिंत मला जास्त जवळची वाटते.

भिंत 11 फूट रुंद, साडेनऊ फूट उंच, म्हणजे 105 चौरस फुटांच्या आत. रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब, 57 चौरस फुटांचा. दुकानातल्या हिशेबाने दोन रोल पुरत होते. वॉलपेपर लावणारा मुलगा पंचविशीचा, त्याने हा हिशेब कागदावर खोडला. आमच्या कागदावरची पानांची नक्षी दर 21 इंचांनी फिरून येते. पट्टा 114 इंच हवा, कापायला वर-खाली थोडा जास्त, आणि शेजारच्या पट्ट्याशी पान जुळायचं तर नक्षी पूर्ण धरून 126 इंच. एका रोलमधून असे तीनच पट्टे निघतात, उरलेला तुकडा वाया. दोन रोलचे सहा पट्टे, सहा पट्ट्यांत 126 इंच भिंत झाकते आणि भिंत 132 इंच आहे. उरलेल्या सहा इंचांसाठी तिसरा रोल. “आणि तिन्हींचा लॉट नंबर एकच पाहिजे, ताई. नंतर आणलात तर छटा बदलते.”

मग त्याने ओळंबा काढला. गवंड्याच्या हातातला, दोरीला टांगलेला पितळी. डावा कोपरा जवळजवळ उभा निघाला. उजवा, बाल्कनीकडचा, वरून खाली येईपर्यंत पाच सूत कलला होता. आठ सुतांचा इंच, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. छत्तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही या भिंतीला टेकून बसलो आहोत आणि ती कललेली आहे हे घरातल्या कुणालाही माहीत नव्हतं.

तो भिंतीपासून लांब गेला, सोफ्याच्या जागी उकिडवा बसला, दारात जाऊन उभा राहिला. “डावीकडून सुरू केलं तर शेवटी सहा इंचांची पट्टी येते, आणि ती वाकड्या कोपऱ्यावरच येते. सहा इंचांत पाच सूत लगेच दिसतात. वर अख्खं पान, खाली तुटलेलं.” त्याने मधला बिंदू काढला आणि एक पट्टा बरोबर मधोमध धरला. आता दोन्ही टोकांना साडेतेरा इंच उरत होते. पट्टे तेच सात, रोल तेच तीन. पण साडेतेरा इंचांत पाच सूत विरतात, आणि उजव्या कोपऱ्यावर तसाही बाल्कनीचा पडदा येतो.

त्याने सातही पट्टे कापले आणि पाठीमागे पेन्सिलीने आकडे घातले. भुकटीची खळ गार पाण्यात ढवळून फुगायला ठेवली. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डाच्या पट्ट्या काढल्या. आमच्या कागदाला मागून न विणलेल्या धाग्यांचं अस्तर आहे. ते पाण्याने ताणत नाही, म्हणून खळ भिंतीलाच लावता येते. साध्या कागदाला खळ लावून तो मुरायला ठेवावा लागतो, नाहीतर भिंतीवर गेल्यावर फुगतो.

पहिला पट्टा लावायला अर्धा तास गेला. वरून दोन इंच जास्त सोडून टेकवला, ओळंब्याच्या रेघेशी भिडवला, मग प्लास्टिकच्या पट्टीने मधून बाहेरच्या बाजूला हवा काढत खाली आला. पुढच्या पट्ट्यांना दहा-दहा मिनिटं लागली. पट्टे एकमेकांवर चढत नाहीत, कडेला कड भिडते. त्या सांध्यावरून तो छोटा रोलर हलकेच फिरवायचा. दाबून फिरवला तर आतली खळ निघून येते आणि कड नंतर उचलते. दर दोन कापांनंतर कटरचं टोक मोडून काड्यापेटीत टाकायचा. “बोथट ब्लेड कागद कापत नाही, फाडतं.” शेवटच्या कोपऱ्यात त्याने मान अगदी भिंतीला लावून कापलं, आणि उठल्यावर तिथे पडदा धरून पाहिला.

दोन पट्टे उरले. ते लॉट नंबरसकट गुंडाळून माळ्यावर ठेवले, शेजारी भाकरी रंगाची बाटली.

संध्याकाळी सासूबाई सासऱ्यांचा फोटो मांडीवर घेऊन बसल्या. तो नेहमी याच भिंतीवर असायचा. नव्या कागदाला खिळा मारायचा या विचारानेच मी गप्प होते. त्या मुलाने मात्र विचारलं, “आजी, किती उंचीवर?” त्यांनी हात वर केला. त्याच्या आसपास त्याने एक गडद पान शोधलं, ब्लेडने पानाच्या टोकाला छोटा तिकोनी काप दिला आणि कागदाचं ते टोक पाकळीसारखं वर उचललं. तिथे भोक पाडलं, धूळ फुंकली, स्क्रू बसवला. फोटो कधी काढलाच तर पाकळी खळीने परत बसवायची, भोक दिसणार नाही.

फोटो लागला. सासूबाई समोरच्या खुर्चीत बसल्या आणि पंखा लावायला सांगितला.

“आज नाही, आजी,” पिशवी भरता भरता तो म्हणाला. “खिडक्याही बंदच ठेवा. उद्या या वेळेला लावा.”

त्यांनी मान डोलावली आणि पदराने वारा घेत फोटोकडे बघत बसल्या.