धगधगत्या विवराच्या कांठावर

ज्वालामुखी म्हटला कीं एका क्षणांत गांवेंच्या गांवें गडप करणारा पर्वत, असें चित्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. अशा पर्वताभोंवतीं सरकारनें उद्यान राखावें व आईबापांनीं मुलांबाळांसह तें पाहावयास जावें, हें मग नवलच वाटतें. परंतु पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटावर अमेरिकन सरकारनें असें राष्ट्रीय उद्यान १९१६ सालीं स्थापिलें. मौना लोआ व किलाउएआ हे दोन जागृत ज्वालामुखी त्याच्या सीमेंत येतात.

तेथें इतकें जवळ जातां येतें याचें कारण शिलारसाच्या, म्हणजे लाव्हाच्या, पातळपणांत आहे. चुलीवर कढी उकळली तर बुडबुडे मुकाट्यानें फुटतात. पिठलें घट्ट होऊं लागलें कीं त्याचे शिंतोडे उडून हाताला चटका बसतो. पृथ्वीच्या पोटांतील रस दाट असला म्हणजे त्यांत वायु कोंडतात आणि शेवटीं पर्वताचें शिखरच उडवून देतात. हवाईचा रस सुमारें ११५० अंश सेंटिग्रेड इतका तप्त व पातळ असतो. वायु त्यांतून सहज निसटतात आणि तो बहुधा नदीसारखा वाहत जातो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण याच जातीचा होय. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं असाच रस भेगांतून वर येऊन थरांवर थर पसरला. घाटांतील कडे पायऱ्यांसारखे दिसतात ते त्या थरांमुळेंच.

वर ‘बहुधा’ हा शब्द आम्हीं जाणूनबुजून घातला आहे. १९२४ सालीं किलाउएआच्या हालेमाउमाउ विवरांत प्रचंड स्फोट झाले, व जवळ गेलेला एक मनुष्य उडालेल्या दगडांनीं प्राणास मुकला. २०१८ सालीं रस जमिनीखालून पूर्वेकडे सरकून भर वस्तींत वर आला आणि ७०० हून अधिक घरें नष्ट झालीं. इकडे विवराचा तळ सुमारें ५०० मीटर खचला; उद्यानाचा बहुतेक भाग चार महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावा लागला.

डिसेंबर २०२४ मध्यें त्याच विवरांत रसाचीं कारंजीं उडूं लागलीं. २०२५ सालीं कांहीं ३०० मीटरांहूनही उंच गेलीं. तीं पाहण्यास कांठावर गर्दी लोटली. अशा प्रेक्षकांस खरें भय त्या अग्नीचें क्वचितच असतें. गंधकाच्या वायूनें दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. रसाचे शिंतोडे हवेंत ताणले जाऊन कांचेचे केंसासारखे तंतु बनतात, ते वाऱ्याबरोबर येऊन डोळ्यांत शिरतात. (तेथील मूळचे लोक या विवरास पेले देवीचें निवासस्थान मानतात, हे तंतु तिचे केंस या नांवानेंच ओळखले जातात.) पण सर्वांत घातक तो कडा. २०२४ सालीं नाताळच्या दिवशीं एक लहानगें मूल आपल्या माणसांपासून सुटून सरळ कड्याच्या दिशेनें धांवत सुटलें. किंकाळी फोडीत आई मागें धांवली आणि कांठ जेमतेम हातभर राहिला असतां तिनें त्यास धरलें. खालीं सुमारें १२० मीटरांची दरी होती.