पाळीशिवाय नवेगावचे तळे अपुरे

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांधच्या छायाचित्रांत बहुधा पसरलेले पाणी, भोवतीचे सातबहिणी डोंगर आणि मावळतीचे रंग दिसतात. चित्र देखणे असते, पण ते पाहून हे तळे निसर्गानेच घडवले असा समज होतो. खरे तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांध घातला, म्हणून तिथे पाणी थांबले. डोंगर आधीपासून होते, तळे नव्हते. म्हणून बांधाची पाळ चौकटीत आल्याखेरीज या तळ्याचे छायाचित्र पुरे होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

जागत्या ज्वालामुखीवरची तळी पाहिली की हे लवकर पटते. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर केलिमुतूच्या माथ्यावर तीन तळी आहेत. तिन्हींचे रंग वेगळे, आणि ते बदलतातही, कारण खालून येणारे वायू पाण्याचे रसायन बदलत राहतात. तिथे विवराचा उभा कडा वगळला, तर चित्रात नुसते रंगीत पाणी उरेल. गोंदियातही ज्वालामुखीचा खडक आहे. सालेकसा तालुक्यात दरेकशाच्या बाजूला सापडणारा ऱ्हायोलाइट दोन अब्ज वर्षांहून जुना आहे. पण ती आग कधीच विझली. नवेगावचे पाणी माणसांनी अडवलेले आहे, आणि त्याची खूण म्हणजे पाळ.

मातीच्या बांधाने दृश्य बिघडते, असे कुणी म्हणेल. भर दुपारी समोरून टिपला तर तो सपाट दिसतो, हे खरेच. सकाळच्या तिरप्या उन्हात एका टोकाला उभे राहिले, की तीच पाळ नजरेला डोंगरापर्यंत नेते. पोलरायझर फिल्टर फिरवून पाण्यावरची चकाकी कमी केली तर काठाजवळच्या पाणवनस्पतीही दिसू लागतात. मासे आणि पक्षी त्यांच्याच आधाराने जगतात.

ज्याला फक्त पक्षी टिपायचे आहेत त्याला पाळीचे काय, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पण महाराष्ट्रातले सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. ते धानाच्या बांध्यांत आणि तळ्याकाठी वावरतात, पावसाळ्यात तिथेच घरटी करतात, आणि या भागातल्या धानाला तळ्यांचेच पाणी मिळत आले आहे. तेव्हा सारसाभोवतीचे शेत कापून टाकू नये. घरट्यापासून लांब राहून टेलिफोटो भिंग वापरावे आणि चित्राखाली महिना लिहावा, कारण ऑक्टोबरमधले भरलेले तळे आणि मे महिन्यातले ओसरलेले तळे एकसारखे नसते.